नव्ह शापेल : एक फ्रेंच खेडें व खडकीचे सॅपर्स

फ्रान्सच्या उत्तरेस, पा-द-काले प्रांतांत, ला बासे या गांवापलीकडे नव्ह शापेल हें लहानसें खेडें आहे. नांवाचा अर्थ 'नवें प्रार्थनामंदिर'. त्यांतील 'नव्ह' हें लॅटिनमधून आलें असून संस्कृत 'नव' शब्दाचें तें सख्खें भावंड होय. भोंवतालची भूमि सपाट व दलदलीची. थोडें खणलें कीं पाणी लागतें. यास्तव पहिल्या महायुद्धांत येथें खोल खंदकांऐवजीं वाळूच्या पोत्यांचे वरंबे रचावे लागले. पूर्वेस ओबेरचा उंचवटा आहे. सह्याद्रीच्या रहिवाशांस तो शेताचा बांध वाटेल. परंतु तो ज्याच्या हातीं, त्याच्या नजरेखालीं सारें मैदान.

१९१४ च्या ऑक्टोबरअखेर जर्मनांनीं गांव घेतलें. ता. २८ रोजीं ४७ व्या शीख पलटणीसह तिसऱ्या सॅपर्स व मायनर्सच्या २० व २१ या कंपन्यांनीं त्यावर हल्ला केला. यांचें ठाणें पुण्याजवळ खडकीस. यांत मराठे, शीख व मुसलमान असत. पूल बांधणें, सुरुंग लावणें हें यांचें काम. त्या दिवशीं मात्र ते संगिनी घेऊन घराघरांतून लढले. गांवांत शिरले, पण शत्रूच्या उलट हल्ल्यामुळें मागें फिरावें लागलें. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक गोरे अधिकारी पडले वा घायाळ झाले. इंग्रज ग्रंथकार मार्चच्या लढाईचें वर्णन विस्तारानें करितात. आमच्या मतें आम्हांस हाच दिवस अधिक जवळचा.

१० मार्च १९१५ रोजीं ३५ मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर गांव हस्तगत झालें, पुढें मात्र सरकतां आलें नाहीं. चार दिवसांत हिंदी फौजेचे सुमारें ४,२०० लोक मेले वा जखमी झाले. एप्रिल १९१८ मध्यें याच आघाडीवर पोर्तुगीज सैन्याचा मोड झाला.

१९२७ साली येथें हिंदी सैन्याचें स्मारक उघडलें. कमलशीर्ष स्तंभावर इंग्रजी, अरबी, हिंदी व गुरुमुखी लेख असून, भिंतीवर ज्यांच्या कबरी वा चिता अज्ञात अशांचीं ४,७०० हून अधिक नांवें आहेत.

सिपायांचीं पत्रें तपासणी-कचेरींत वाचलीं जात. त्यांचे इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. भाषांतर म्हणजे मूळ नव्हे. खडकीच्या पलटणींत ज्यांचे पूर्वज होते अशा घराण्यांच्या दप्तरांत १९१४-१५ चीं मोडी वा बाळबोध पत्रें आढळल्यास संग्राहकांनीं पाकिटावरील शिक्क्यांसह त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या.