बोलक्या पुस्तकांची पहिली यादी आणि एक विनोदी संसारकथा

ऑडिओबुक म्हटलं की आपल्याला मोबाईल आठवतो. पण त्याचा इतिहास बघायचा तर आपल्याला 1934 सालच्या अमेरिकेत जावं लागतं.

अंधांसाठी बोलकी पुस्तकं करता येतील, असं एडिसनने 1878 मध्येच लिहून ठेवलं होतं. अडचण वेळेची होती. त्याच्या यंत्रावर जेमतेम काही मिनिटं मावत. मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी आली, तेव्हा एका बाजूवर साधारण 15 मिनिटांचं वाचन बसू लागलं. तरीही हिशेब करून बघा : आठ तासांचं पुस्तक म्हणजे 16 तबकड्या!

1931 च्या कायद्याने प्रौढ अंधांना पुस्तकं पुरवायचं काम लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आलं होतं. 1934 मध्ये बोलक्या पुस्तकांची पहिली यादी निघाली. त्यात काय होतं? बायबलमधली स्तोत्रं, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना, शेक्सपिअर. अंध माणसाने काय वाचावं, हे डोळस माणसं ठरवतात तेव्हा यादी अशीच होते. पण त्याच यादीत वुडहाउसचं 'व्हेरी गुड, जीव्हज' होतं, आणि ई. एम. डेलाफिल्ड यांची 1930 सालची 'द डायरी ऑफ अ प्रोव्हिन्शियल लेडी'सुद्धा.

ही डायरी आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ही प्रेमाचीच गोष्ट, पण लग्नाला बरीच वर्षं झाल्यानंतरची. बाई खेड्यात राहते. थकलेली बिलं, नोकरमाणसं, मुलं यांत बुडालेली. नवरा रॉबर्ट फारसा बोलत नाही. 'टाइम्स' वाचता वाचता झोपी जातो. ती तक्रार करत नाही, डायरीत लिहिते. वाक्यं तुटक, कितीदा 'मी' सुद्धा गाळलेला, मधेच स्वतःलाच विचारलेला प्रश्न. कागदावर डोळ्याला ही तुटक रचना दिसते. वाचणाऱ्याला ती आवाजानेच दाखवावी लागते : जरा थांबायचं, स्वर खाली आणायचा आणि आपण मात्र हसायचं नाही. वाचणारा आधी हसला की विनोद संपलाच.

आता खरा मुद्दा. अनेक प्रौढ अंधांना ब्रेल येत नसे, विशेषतः ज्यांची दृष्टी उतारवयात गेली त्यांना. त्यांना वाचून दाखवणार कोण? घरचंच माणूस. म्हणजे मुक्या नवऱ्याची थट्टा अंध बायकोला ऐकायची, ती नवऱ्याच्याच तोंडून! मग मनमोकळं हसणार कसं?

तबकडीने तो तिसरा माणूस खोलीतून बाहेर काढला. ग्रंथालयाने अंधांना ज्ञान दिलं, हे आपण नेहमी सांगतो. आमचं म्हणणं इतकंच की, एकटीने बसून, कोणाला कारण न सांगता हसायची सोयही त्याच वर्षी झाली. इतिहासात तिचीही नोंद हवी.