रक्ताचे नाते

फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासित वसले. 1954 नंतर पेनिसिलिनच्या कारखान्यामागोमाग गावोगावचे कामगार आले. आपापल्या घराण्याचे मूळ सांगण्याची हौस सर्वांनाच. पण 2013 सालच्या संशोधनानुसार भारतातील बहुतेक समाजांत दोन प्राचीन वंशधारा सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी मिसळल्या. मागाहून समाजाबाहेरची लग्ने आटली.

विद्यार्थी मित्रहो, याचा हिशेब इस्पितळात होतो. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक. अशा आजारी बालकास अस्थिमज्जा देण्यासाठी सहाव्या गुणसूत्रावरील, रोगप्रतिकाराची ‘एच.एल.ए.’ जनुके जुळावी लागतात. त्यांची रूपे हजारो! सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. एरवी दाता बहुधा समान पूर्वजांच्या लोकांतच सापडतो, आणि लोकसंख्येच्या मानाने भारतात नोंदलेले दाते फारच थोडे आहेत.