नाशिकचा वाइनपट्टा (रायपूरहून जाणाऱ्यांसाठी)

नाशिकचा वाइनपट्टा : महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागा आणि वाइनरी यांचा विखुरलेला प्रदेश. नाशिक, दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी या तालुक्यांत तो पसरला आहे. उत्तर अक्षांश सुमारे २०°, समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ६०० मी. रायपूरपासून रेल्वेने अंतर सुमारे ९५० किमी. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र अशी एक सलग व्हॅली नकाशावर शोधू गेल्यास सापडत नाही. गोदावरी, कादवा आणि दारणा यांच्या काठाने, धरणांच्या पाण्यावर वाढलेले हे वेगवेगळे तुकडे आहेत. हे ध्यानात न घेता एका दिवसात सगळे पाहू म्हणणाऱ्यांची सुट्टी गाडीतच संपते.

जगातले बहुतेक नामांकित वाइनप्रदेश ३०° ते ५०° अक्षांशांच्या दरम्यान येतात. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाचे वाय्ये दे ग्वादालूपे हे खोरे ३२° उत्तरेवर आहे. तिथली वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्ष तोडणीला येते. तोडणीचा मोठा उत्सव ऑगस्टमध्ये भरतो. नाशिकच्या वेलीला अशी झोप मिळत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलच्या आसपास होते ती खरड छाटणी. तिच्यामुळे पुढच्या फळाची काडी तयार होते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, होते ती फळछाटणी, आणि तिच्यापासून द्राक्षाचे दिवस मोजायला सुरुवात होते. दिवसा ऊन आणि रात्री थंडी अशा कोरड्या हिवाळ्यात घड पिकतो आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडणी चालते. म्हणून नाशिकला जायचे तर जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा हा काळ धरावा. ऑगस्टमध्ये डोंगर हिरवे असतात, धरणे भरलेली असतात, पण वेलीवर घड नसतो आणि वाइनरीतली यंत्रे बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अधूनमधून अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. पाहुण्याची त्यात एखादी दुपार जाते, बागाईतदाराचे वर्ष जाते.

खाण्याच्या द्राक्षाचा इथला इतिहास वाइनपेक्षा बराच जुना आहे. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षलागवड सुरू केली आणि पुढे निफाड-दिंडोरीचा सारा भाग थॉम्पसन सीडलेस या वाणाने व्यापला. वाइनची सुरुवात मात्र नाशिकबाहेर, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला झाली. श्यामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने १९८० च्या दशकात तिथे फेसाळ वाइन काढून ती परदेशातही पाठवली. नाशिकला वळण मिळाले ते राजीव सामंत यांच्यामुळे. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या सामंतांनी गंगापूर धरणाच्या परिसरातील कौटुंबिक जमिनीवर १९९७ मध्ये सॉविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाणांची लागवड केली. कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की सल्लागार होते. त्यांच्या ‘सुला’ या वाइनरीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून अबकारी करात सवलत दिली आणि पाहता पाहता वाइनरींची संख्या वाढली. हवा आणि मातीचे गुणगान सगळेच करतात. या करसवलतीचा वाटा त्याहून कमी नाही.

ही वाढ सरळ रेषेत झाली नाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर विक्री घसरली, इंडाज कर्जात बुडाली, आणि कराराने वाइनची द्राक्षे लावलेल्या अनेक शेतकऱ्यांच्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे असते; बाजारात नेऊन ते पाटीवर विकता येत नाही. अनेकांनी वेली उपटून पुन्हा खाण्याच्या वाणांकडे मोर्चा वळवला. आज रस्त्यालगत दिसणारी बहुतेक बाग वाइनची नसून खाण्याच्या द्राक्षाची असते, हे पाहुण्याने आधीच समजून असावे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याची परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्याला अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि तो प्रत्यक्षात उतरला नाही.

पाहण्याजोग्या भागांत पहिला मान गंगापूर-सावरगाव रस्त्याचा. नाशिक शहराच्या पश्चिमेला, दहा-बारा किलोमीटरवर हा भाग लागतो. सुलाने इथे २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली. देशातली ती पहिली मानली जाते. जवळच यॉर्क वाइनरी आहे. गुरनानी कुटुंबाने उभारलेली ही वाइनरी २०२१ मध्ये सुलाने विकत घेतली. सोमा वाइन व्हिलेजही याच बाजूला. वाइनरीची फेरी बहुतेक सगळीकडे सारखीच असते : द्राक्ष उतरवून घेण्याची जागा, देठ वेगळे करणारे यंत्र, रस काढणारा प्रेस, थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्या, शेवटी ओकची पिंपे. तोडणीच्या दिवसांत ही फेरी सकाळी लवकर घ्यावी. उष्णतेने रस बिघडू नये म्हणून माल पहाटेच आणला जातो. अकरानंतर गेलेल्याला धुतलेली फरशीच तेवढी दिसते. चाखायला साधारणपणे आधी फेसाळ, मग पांढरी, गुलाबी, तांबडी आणि शेवटी गोड असा क्रम लावतात. घोट तोंडात फिरवून भांड्यात टाकला तरी कोणी नावे ठेवत नाही. शनिवारी संध्याकाळी इथे मुंबई-पुण्याची गर्दी लोटते. सूर्यास्त पाहायची हौस असेल तर गर्दीची तयारी ठेवावी, नाहीतर रविवारची सकाळ बरी. ‘सुलाफेस्ट’ हा संगीतमहोत्सव २००८ पासून इथे भरू लागला. २०२० नंतर तो काही वर्षे बंद होता, २०२५ मध्ये पुन्हा भरला. ज्याला शांतपणे वाइन चाखायची आहे त्याने ते दोन दिवस टाळावेत.

उत्तरेला दिंडोरी तालुका. फ्रेंच कंपनी मोएत हेनेसी हिची शाँदों ही फेसाळ वाइन इथेच तयार होते. ही वाट पुढे वणीच्या सप्तशृंगीकडे जाते. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना देवीचे दर्शन आणि तरुणांना वाइनरी अशी वाटणी एकाच गाडीत जमते, आणि रायपूरकडची बरीच मंडळी त्र्यंबकेश्वर-शिर्डीच्या निमित्ताने आलेली असल्यामुळे ती करावीही लागते. नैर्ऋत्येला इगतपुरी : मुकणे धरणाच्या बाजूला वालोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा या दोन वाइनरी. गंगापूरचा दिमाख इथे नाही, पण माझ्या मते पाण्याकाठी निवांत बसण्यासाठी या पट्ट्यात याहून चांगली जागा नाही. पूर्वेला निफाड तालुक्यात विंचूरचा शासकीय वाइन पार्क आहे. तो औद्योगिक वसाहतीसारखा आहे. अभ्यासकाने जरूर जावे, सहलीला जाणाऱ्याने नाही गेले तरी चालेल.

मुंबईहून हा पट्टा चार तासांवर आहे, पुण्याहून त्याहून थोडा लांब. मुंबई-पुणेकरांची वीकेंड सहल शुक्रवारी संध्याकाळी ठरवली तरी होते. रायपूरकराला ते हिशेब लागू नाहीत. गीतांजली एक्स्प्रेस आणि नागपूरमार्गे जाणारी हावडा-मुंबई मेल या दोन्ही गाड्या रायपूर आणि नाशिकरोडला थांबतात. आझाद हिंद एक्स्प्रेस मनमाडहून दौंड-पुण्याकडे वळते, तेव्हा तिचे तिकीट काढल्यास मनमाडला उतरून पुढची सोय पाहावी लागते. जाताना-येताना एकेक रात्र किंवा दिवस गाडीत जातो. त्यामुळे शनिवार-रविवारला शुक्रवार आणि सोमवार जोडल्याशिवाय ही सहल होत नाही; प्रजासत्ताक दिनाला लागून सुट्टी आली की अनेकांना ती संधी वाटते, पण २६ जानेवारी हा महाराष्ट्रात कोरडा दिवस असतो. नाशिकरोड स्थानक शहराच्या आग्नेयेला आणि गंगापूरचा भाग पश्चिमेला, म्हणून मुक्काम वाइनरीच्या बाजूला करावा. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्या काळात खोली मिळणे कठीण.

मोटारीने जाणाऱ्यांना समृद्धी महामार्गाने मोठी सोय केली आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किमीचा पूर्ण रस्ता खुला झाला. रायपूरहून दुर्ग, राजनांदगाव, भंडारा करत नागपूरला यायचे, नातलगांकडे रात्र काढायची (नागपूर १९५६ पर्यंत रायपूरचीही राजधानी होती, सोयरिकी अजून तशाच आहेत) आणि पहाटे समृद्धीला लागायचे. सिन्नरजवळ उतरल्यास नाशिक, पुढे गेल्यास थेट इगतपुरी. वाइनरींच्या फेरीसाठी मात्र चालकासह गाडी ठरवावी. १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ ही कायद्याची मर्यादा आहे, आणि चार ठिकाणी चाखत फिरणाऱ्याला ती कधी ओलांडली हे कळत नाही.

बाटल्या घरी नेण्याचा बेत आधी तपासून घ्यावा. मद्याचे कायदे राज्याराज्यांचे वेगळे असतात; छत्तीसगडमध्ये २०१७ पासून किरकोळ मद्यविक्री शासकीय महामंडळाकडे आहे आणि परराज्यातले मद्य आत आणण्यावर तिथल्या अबकारी खात्याचे नियम लागू होतात. परवान्याची चौकशी रायपूरच्या अबकारी कार्यालयात निघण्यापूर्वी करावी. बेदाणे आणि मनुका यांना अशी अडचण नाही. त्या पिंपळगाव बसवंतच्या बाजूला रस्त्याकाठी घेता येतात.