सातपूरची जुनी दुचाकी आणि सिंथेटिक वंगण : एक ऐतिहासिक परामर्श

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्या दशकात नाशिकलगतचे सातपूर औद्योगिक वसाहत म्हणून आकारास येऊ लागले. या वसाहतीच्या सामाजिक इतिहासात कारखाने व कामगार संघटना यांच्याइतकीच कामगाराची दुचाकीही विचारात घेण्याजोगी आहे. पाळीची वेळ तिच्यावर अवलंबून असते. ती बंद पडली तर रोजगार बुडतो. म्हणूनच जुन्या इंजिनात सिंथेटिक तेल घालावे की नाही, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

१९७२ मध्ये आलेली बजाज चेतक व १९८५ मधील यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक वाहने होत. त्यांत तेल पेट्रोलबरोबर जळून जात असे. १९८५ मध्येच हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. पुढे १९९६ व २००० च्या उत्सर्जन नियमांनी टू-स्ट्रोकची पीछेहाट घडविली. या स्थित्यंतराने तेलाचे स्वरूपच पालटले. जळणारा पदार्थ आता इंजिन, क्लच व गिअर या तिघांचा सामाईक रक्षक झाला.

सिंथेटिक वंगणाचा विकास दुसऱ्या महायुद्धकाळात जर्मनीत वेगाने झाला. १९७४ मध्ये अमेरिकेत मोबिल १ मोटारींसाठी बाजारात आले. प्रारंभीच्या काही सिंथेटिक तेलांचा रबरी सीलशी मेळ बसत नसे व गळती होई. ‘सिंथेटिकने जुने इंजिन गळते’ या समजुतीचे एक मूळ येथे आढळते. दुसरी भीती क्लच घसरण्याची. तिचे कारण तेल सिंथेटिक असणे हे नव्हे, तर मोटारींच्या तेलातील घर्षण कमी करणारी द्रव्ये हे होते. यावर उपाय म्हणून जपानमध्ये १९९८ साली जासो मानक आले. त्यातील ‘एमए’ वर्ग तेलात बुडालेल्या क्लचसाठी आहे. जुन्या ओतीव लोखंडी बुलेटमध्ये मात्र क्लच व गिअरपेटीचे तेल इंजिनापासून वेगळे असते.

दोन्ही कारणे बव्हंशी दूर झाली, तरी समजूत टिकली. तिला आधारही आहे. जुन्या इंजिनातील साचलेला मळ काही वेळा झिजलेल्या सीलची फट झाकून असतो. नव्या तेलातील शोधक द्रव्यांनी तो निघाला की गळती उघड होते. उलटपक्षी, नाशिकच्या उन्हाळ्यात, थांबत-थांबत चालणाऱ्या हवाशीत इंजिनात सिंथेटिक तेल उष्णतेने लवकर बिघडत नाही, हा त्याचा खरा लाभ आहे. मात्र झिजलेल्या पिस्टन रिंगा कोणतेही तेल पूर्ववत करीत नाही. धूर सोडणाऱ्या इंजिनात महाग तेल घालणे म्हणजे तेही जाळणेच होय. निर्मात्याने सुचविलेल्या दाटपणाचे, ‘एमए’ दर्जाचे तेल आणि पातळीची नियमित तपासणी या गोष्टी ‘सिंथेटिक’ या शब्दाहून अधिक मोलाच्या ठरतात.

जळणारे तेल धुरातून हवेत जाई. बदललेले तेल मात्र कुठे तरी ओतावे लागते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि सातपूर परिसरातून वाहणारी नासर्डी पुढे गोदावरीस मिळते. तेल कोणते घातले याइतकेच काढलेले तेल कोठे गेले, हेही या इतिहासाचे अंग होय.