प्रीमियर पद्मिनीची पुनरुज्जीवनपूर्व तपासणी

प्रीमियर पद्मिनी किंवा तिची पूर्वरूपे असलेली फियाट ११०० मालिकेतील जुनी मोटार पुनरुज्जीवनासाठी विकत घेण्यापूर्वी तिचा सांगाडा, यंत्रणा, सुटे भाग आणि कागदपत्रे यांची जी क्रमवार पाहणी केली जाते, तिला पुनरुज्जीवनपूर्व तपासणी म्हणतात. गाडीतील कोणते दोष वाजवी खर्चात दूर होतील आणि कोणते दोष खर्चाच्या, सुरक्षिततेच्या वा कायद्याच्या दृष्टीने आवाक्याबाहेर आहेत, हे व्यवहारापूर्वी ठरवणे हा या तपासणीचा हेतू असतो. पद्मिनीच्या बाबतीत बंद पडलेल्या इंजिनापेक्षा गंजलेला सांगाडा आणि सदोष कागदपत्रे हे अधिक गंभीर दोष मानले जातात.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याखाली या गाड्या तयार होत. १९५० च्या दशकातील, पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस असलेली गाडी 'डुक्कर फियाट' या लोकप्रिय नावाने ओळखली जाते. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाजारात आली. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. उत्पादन दीर्घकाळ चालू राहिल्याने तिचे अनेक यांत्रिक भाग एकमेकींना चालतात. त्यामुळे यंत्रणेची दुरुस्ती तुलनेने सुकर ठरते.

सांगाडा आणि पत्रा

या गाडीला ट्रक किंवा जीपप्रमाणे स्वतंत्र चासी नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळून एकसंध सांगाडा बनतो व गाडीचा सर्व भार तोच पेलतो. म्हणून पत्र्याचा गंज हा येथे केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. दारांखालच्या पट्ट्या कुजल्यास गाडी मध्यभागी वाकू लागते आणि अपघातात प्रवाशांना मिळणारे संरक्षण कमी होते.

पाहणी दिवसाउजेडी व गाडी कोरडी असताना करावी. गाडी शक्यतो रॅम्पवर घेऊन पुढील जागा पाहिल्या जातात :

- दारांखालच्या पट्ट्या आणि जॅक लावण्याच्या जागा
- गालिचा उचलून दिसणारा तळाचा पत्रा, विशेषतः चालकाच्या पायांजवळचा
- मागील पाटे (लीफ स्प्रिंग) सांगाड्याला जेथे जोडले जातात त्या जागा
- डिकीचा तळ व स्टेपनीची जागा
- बॅटरीखालचा पत्रा, हेडलाइटभोवतालचा भाग आणि चाकांवरील कमानी
- दारांच्या खालच्या कडा व पुढील काचेच्या रबराखालची खाच

पुट्टी भरून व रंग देऊन झाकलेला गंज ओळखण्यासाठी पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतात. पुट्टीचा थर जाड असेल तेथे ते चिकटत नाही. बोटाने ठोकल्यास पत्र्याचा आवाज खणखणीत, तर पुट्टीचा बद्द येतो. तळाला नव्याने फासलेला डांबरी लेप हा स्वतः दोष नसला, तरी त्याखालचा पत्रा तपासल्याशिवाय तो गृहीत धरू नये. दार उघडताना खाली झुकत असेल, किंवा दार व खांब यांमधील फट वर एक व खाली दुसरी असेल, तर झिजलेली बिजागरी, जुना अपघात किंवा वाकलेला सांगाडा यांपैकी कारण शोधावे लागते. कोकण किनारपट्टी व मुंबईतील खारी हवा आणि दीर्घ पावसाळा यांमुळे तेथील गाड्यांत गंजाचे प्रमाण कोरड्या प्रदेशातील गाड्यांपेक्षा अधिक आढळते.

इंजिन

मूळ पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे व १,०८९ सीसी क्षमतेचे असते. त्याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे असते. इंजिन वारंवार तापल्यास हेड वाकते व हेड गॅस्केट निकामी होते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे ही त्याची लक्षणे होत.

इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनात सुरू होण्यातील अडचणी लपून राहतात. सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, काळा धूर पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे, तर इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर सिलिंडरमध्ये पाणी शिरत असल्याचे दर्शवतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजल्यास पिस्टन रिंग व व्हॉल्व्ह यांची स्थिती अधिक नेमकी कळते. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने फिरते का हे आधी पाहावे.

गियर, ब्रेक आणि विद्युत यंत्रणा

बहुतेक गाड्यांत गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो. जोडदांड्यांचे बुश झिजल्यास गियर नीट पडत नाहीत, मात्र ही दुरुस्ती किरकोळ असते. चालत्या गाडीत गियर आपोआप सुटणे हे मात्र गियरपेटीतील झिजेचे लक्षण आहे. मूळ रचनेत चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूस ओढली जाणे किंवा पेडल हळूहळू खाली जाणे हे दोष आढळल्यास रस्त्यावरील चाचणी तेथेच थांबवावी. जुन्या वायरिंगचे कडक झालेले आवरण व जागोजागी चिकटपट्टीने केलेले जोड आगीचा धोका निर्माण करतात. अशा वेळी संपूर्ण वायरिंग बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

टॅक्सी म्हणून वापरलेल्या गाड्या

पद्मिनी अनेक दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. अशा गाडीचे रंगरूप नंतर बदललेले असू शकते. दारांच्या आतील कडा, डिकी व छताच्या अस्तराखाली काळ्या-पिवळ्या रंगाचे अंश, मीटर बसवण्यासाठी पाडलेली व नंतर बुजवलेली भोके आणि छतावर कॅरिअरच्या खुणा यांवरून पूर्वीचा वापर ओळखता येतो. सीएनजी टाकीमुळे डिकीच्या तळाला भोके पडलेली असतात व मागील पाट्यांवर अधिक भार आलेला असतो. टाकी अद्याप बसवलेली असल्यास तिची नोंद नोंदणीपत्रात आहे का आणि दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाली आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते.

मूळ स्वरूप व सुटे भाग

इंजिन, क्लच आणि ब्रेक यांचे भाग सहसा मिळतात. क्रोमच्या पट्ट्या, बोधचिन्हे, डॅशबोर्डवरील मापके, मूळ दिवे आणि काचा हे मात्र शोधावे लागतात. म्हणून चालू स्थितीतील पण अपुऱ्या गाडीपेक्षा बंद पण परिपूर्ण गाडी अनेकदा अधिक परवडते. नसलेल्या भागांची यादी करून त्यांची किंमत सौद्यापूर्वी विचारून घेणे इष्ट असते.

कागदपत्रे

गाडीवर कोरलेले चासी व इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी अक्षरशः जुळवावे लागतात. क्रमांकाभोवती वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा असल्यास व्यवहार टाळणे योग्य. इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात झालेली असावी. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. महाराष्ट्रात अशा गाड्यांवर पर्यावरण करही आकारला जातो. नूतनीकरण, कर, कर्जाचा बोजा व परराज्यातील गाडी असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र यांची खातरजमा करावी. जुन्या पुस्तकरूपी नोंदणीची माहिती 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढलेली नसल्यास हस्तांतर अडते. नोंदणीकृत मालक हयात नसल्यास वारसांची कागदपत्रे लागतात.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. अशी गाडी नियमित वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेली गाडी या वर्गात बसत नाही. त्यामुळे मूळ स्वरूपाच्या तपासणीला कायदेशीर महत्त्वही आहे.

निर्णय

तपासणीचा क्रम सामान्यतः कागदपत्रे, सांगाडा, भागांची परिपूर्णता आणि शेवटी इंजिन असा ठेवला जातो. पहिल्या दोन टप्प्यांत मोठा दोष आढळल्यास पुढील तपासणीचा खर्च वाचतो. हस्तांतर होऊ न शकणारी गाडी कितीही देखणी असली, तरी तिचे मूल्य सुट्या भागांच्या किमतीइतकेच धरावे.

हेही पाहा

- प्रीमियर पद्मिनी
- फियाट ११००
- वालचंद हिराचंद
- हिंदुस्थान ॲम्बॅसेडर