२००८ उन्हाळी ऑलिंपिक उद्घाटन सोहळ्यातील गायनाचा वाद

२००८ उन्हाळी ऑलिंपिक उद्घाटन सोहळ्यातील गायनाचा वाद हा ८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या राष्ट्रीय क्रीडांगणात सादर झालेल्या एका देशभक्तिपर गीतासंबंधीचा वाद होय. चीनचा राष्ट्रध्वज मैदानात आणला जात असताना लाल पोशाखातील नऊ वर्षांची लिन म्याओके हे गीत गाताना दिसली. प्रत्यक्षात ऐकू आलेला ध्वनिमुद्रित आवाज सात वर्षांच्या यांग पेयीचा होता.

== उलगडा ==
सोहळ्याचे संगीत दिग्दर्शक चेन चीगांग यांनी काही दिवसांनी आकाशवाणीवरील मुलाखतीत ही बाब उघड केली. पडद्यावर दिसणारी मुलगी रूपाने व भावमुद्रेने निर्दोष असावी, असा विचार राष्ट्रहितासाठी झाल्याचे त्यांनी सांगितले. यांगचा आवाज सर्वोत्तम ठरूनही तिला मंचावर स्थान मिळाले नाही.

== प्रतिक्रिया ==
एका बालिकेला तिच्या रूपावरून डावलल्याबद्दल चीनमध्ये व चीनबाहेर टीका झाली. चित्रपटातील पार्श्वगायनात गायिकेचे नाव श्रेयनामावलीत दिलेले असते. येथे मात्र आवाज कोणाचा, हे प्रेक्षकांना सांगितले गेले नव्हते. याच सोहळ्याच्या प्रक्षेपणात आतषबाजीच्या पाऊलखुणांची काही दृश्ये संगणकनिर्मित असल्याचेही पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे भव्य सोहळ्यांतील अस्सलपणाचा प्रश्न अधिकच चर्चिला गेला.