रॉ की जेपीईजी? धाराशिवच्या लग्नसराईत फोटोग्राफरचा पैसा नेमका कुठे जातो

हळदीचा कार्यक्रम म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षाच. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून झिरपणारं ऊन, वर एलईडीचा पांढरा झोत आणि नवरीच्या अंगावर हळद. कॅमेऱ्याचा रंगाचा अंदाज चुकतो आणि चेहरे निळसर नाहीतर नारंगी येतात. तो फोटो नंतर कितपत सुधारेल, हे तो कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवला यावर ठरतं.

फरक काय आहे?

जेपीईजी हे १९९२ सालचं प्रमाण. यात रंग, उजेड, कॉन्ट्रास्ट कॅमेराच ठरवतो, बाकीची माहिती टाकून देतो आणि छोटी फाइल बनवतो. लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या त्यात मावतात. रॉमध्ये सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास तशीच राहते. १४ बिटच्या रॉमध्ये या पातळ्या १६,३८४ होतात आणि व्हाइट बॅलन्स घरी बसून बदलता येतो. कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू या सगळ्या रॉ फाइलीच. फक्त अल्बमच्या लॅबला किंवा व्हॉट्सअॅपवर द्यायची तर आधी तिची जेपीईजी करावी लागते.

पावसाळ्यात नळदुर्गला जाऊन आला असाल तर हा फरक लगेच कळेल. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातून नर-मादी धबधबे कोसळतात, तेव्हा पांढरं पाणी आणि काळा दगड एकाच फ्रेममध्ये येतात. पाणी जपायला उजेड कमी ठेवला की दगड काळाठिक्कर होतो. रॉ असेल तर त्या अंधारातला दगड बऱ्यापैकी वर काढता येतो. मात्र पार पांढरं होऊन गेलेलं पाणी रॉमध्येही परत येत नाही. ‘रॉ आहे, नंतर बघू’ ही सवय इथे नडते.

मग सगळे रॉच का काढत नाहीत?

हिशोब करून बघा. एका लग्नात ३,००० क्लिक धरा. २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण २५ एमबी, जेपीईजी साधारण १० एमबी. म्हणजे एकीकडे ७५ जीबी, दुसरीकडे ३० जीबी. हंगामात २० लग्नं केली की रॉचा साठा दीड टीबी होतो, आणि दुसरी प्रत ठेवायची (ठेवायलाच हवी) तर ३ टीबी. वर एडिटिंगला दमदार कॉम्प्युटर लागतो तो वेगळाच. म्हणून हळद, सप्तपदी आणि जोडप्याचे फोटो रॉमध्ये, पंगत आणि आहेर जेपीईजीमध्ये, ही वाटणी मला व्यवहारी वाटते.

बातमीचं गणित उलटं आहे. रॉयटर्सने २०१५ मध्ये आपल्या फ्रीलान्स फोटोग्राफरना रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातली मूळ जेपीईजीच पाठवा, असं सांगितलं. वन्यजीव स्पर्धांमध्ये मात्र फोटो खरा असल्याचा पुरावा म्हणून रॉ मागतात. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खर्च कशावर करावा?

डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरीही १ लाखाच्या बॉडीवर १८ हजार कर लागतोच. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर हा कर वजा करून घेता येत नाही. तो खिशातूनच जातो.

नवी बॉडी दोन-तीन वर्षांत जुनी ठरते, चांगली लेन्स दहा वर्षं चालते. त्यामुळे आधी लेन्स, फ्लॅश, जादा कार्ड आणि हार्ड डिस्क घ्यावी. ७०-२०० एफ २.८ सारखी लाखाच्या वरची लेन्स वर्षातून मोजक्या तिथींना लागत असेल तर भाड्याने घेतलेली बरी. मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, पण हप्ता बारा महिने असतो आणि लग्नं बारा महिने नसतात. त्यात आपल्या जिल्ह्यात पाऊस गेला की शेतकरी घरातलं लग्न आधी पुढे ढकललं जातं किंवा साधेपणाने उरकलं जातं.

सेकंड-हँड घेणार असाल तर बॉडीचा शटर काउंट विचारा आणि लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा. बिल आणि सीरियल नंबर जुळत नसेल तर कितीही स्वस्त मिळत असलं तरी सोडून द्या.